नवऱ्यामुलाचा मामा बसून राहिला

राजकन्येला तिच्या सख्ख्या भावाने फसवलं. भर लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि तेही मी करून दिलेल्या चौथऱ्यावर बसून. फसवलं त्याने मलाही, पण माझं सोडा. मी धंद्यात आहे, मला फसवायला कोणी ना कोणी येतंच असतं. तिला फसवायला नको होतं. संपादकांनी माझ्याकडे अमेरिकेतल्या लग्नांचे गमतीदार अनुभव मागितले आहेत. तेही सांगते. पण मुद्दा आधी लिहून ठेवते, म्हणजे पानं कमी पडली म्हणून शेवटी तो कुणी कापायला नको.

मी ओहायोत मराठी लग्नं लावते. मंत्र गुरुजी म्हणतात, जेवण केटरर देतो, फोटो फोटोग्राफर काढतो. या तिघांनी एकमेकांच्या नरडीला हात घालू नये, हे बघणं माझं काम. माझ्या वडिलांचं बार्शीला मंडप आणि बिछायतीचं दुकान होतं, त्यामुळे लग्न मी आधी मागच्या बाजूने पाहिलं, बांबू आणि सुतळीच्या बाजूने. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर बायकोने नोकरी करायची नाही, असा नियम. घरात बसून डोकं फिरायची पाळी आली तेव्हा मंडळातल्या एका मुलीसाठी मुंडावळ्या करून दिल्या. मग कुणी पाट मागितले, कुणी समया, कुणी अंतरपाट. कामाची परवानगी मिळेपर्यंत अर्धं गाव मला ओळखत होतं. आज माझं गोदाम आहे, घडीचं बोहलं आहे, आणि इथले हॉटेलवाले ‘काकू’ हे माझं आडनाव आहे असं समजून दारावर ‘वेलकम, मिसेस काकू’ अशी पाटी लावतात.

बाहेरच्यांना वाटतं की हा फुलांचा आणि दिव्यांचा धंदा आहे. फुलं कुणीही लावतं. हा धंदा मानपानाचा आहे. कुणाला कुठे बसवायचं, कुंकू आधी कुणाला लावायचं, कुणाला दोनदा विचारायचं आणि कुणाला मुद्दाम एकदाच. लोक म्हणतात, अमेरिकेत मानपान राहिला नाही. राहिलाय चांगला, तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर गेलाय. बेलव्ह्यूला राहणाऱ्या एका आत्याबाईंना भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण लिंकने गेलं. आत्याबाई मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिवसभर स्वतः लोकांना लिंकाच पाठवतात. पण ही लिंक त्यांना लागली. ‘मी काय कस्टमर आहे का?’ असा एकच मेसेज टाकून त्या ग्रुप सोडून गेल्या. मी रोज फोन करत राहिले. शेवटी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही नाही आलात तर मुलाला हळद कुणी लावायची, मी लावू? परक्या बाईने लावलेली चालेल तुम्हाला? पुढचं विमान धरून आल्या, आणि हळद लावताना हॉटेलचा गालिचाही पिवळा करून ठेवला.

अग्निशमनवाल्या साहेबांचं तर विचारूच नका. होमाच्या दिवशी सकाळी ते आले आणि म्हणाले, बंद हॉलमध्ये उघडी ज्योत चालणार नाही. मी त्यांना हात धरून जेवणाच्या हॉलमध्ये नेलं. टेबलाटेबलावर हॉटेलने मेणबत्त्या मांडून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, या सगळ्या ज्योती तुम्ही मंजूर केल्यात ना? या मी काढून टाकते. त्यांच्या बदल्यात मला एक द्या, आणि तीही तुमच्या डोळ्यांदेखत. साहेब बराच वेळ मेणबत्त्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग आग विझवायचं नळकांडं घेऊन होमाशेजारी उभे राहिले. गुरुजींनी त्यांनाही अक्षता दिल्या. सौदा असा करायचा असतो. दोघांनी काहीतरी सोडायचं, दोघांनी काहीतरी घ्यायचं, आणि दिलेला शब्द पाळायचा. तो साधा सरकारी माणूस होता, तरी त्याने पाळला.

आता राजघराण्याकडे येते.

वैशाली नावाची माझी एक ओळखीची. मूळची नागपूरची, इथे ओहायोतल्याच डब्लिनला राहते. एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, “काकू, आमच्या ईशाचं ठरलं. मुलगा टॉम, गोरा आहे, शेतकरी भागातला. आणि बसल्या आहात ना? त्याची आई प्रिन्सेस आहे.” मला वाटलं, तिने विहिणीला आतापासूनच नावं ठेवायला घेतली. मी म्हटलं, अगं, लग्नाआधीच? तर म्हणे, “नाही हो, खरीखुरी. युरोपातली.”

देशाचं नाव मी सांगणार नाही, आणि तिचंही बदलून सांगते. नोरा म्हणू. त्या देशात आता राजा नाही. राजवाड्याचं म्युझियम झालंय आणि आपल्याच पणजीचा पलंग बघायला नोराला तिकीट काढून रांगेत उभं राहावं लागतं. पण घराणं आहे, घराण्याचे नियम आहेत, आणि त्या नियमांचा प्रमुख म्हणून एक पुरुष आहे. पूर्वी नोराचे वडील होते, आता थोरला भाऊ आहे. त्याला मी बंधुराज म्हणते. तोंडावर नाही म्हटलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

नोराला भेटायला मी डब्लिनच्याही पलीकडे, शेतांमधून गाडी हाकत गेले. फाटक उघडायला जी बाई आली, तिच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट होते आणि हातात वासराला दूध पाजायची भलीमोठी बाटली. मी तिला विचारलं, प्रिन्सेस घरात आहेत का? ती म्हणाली, “सध्या गोठ्यात आहेत. या.”

कॉलेज शिकायला म्हणून ती ओहायोला आली आणि वॉल्ट नावाच्या, गुरांच्या डॉक्टरच्या प्रेमात पडली. वडिलांची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तरी लग्न केलं. घराण्याचा नियम असा की प्रमुखाच्या संमतीशिवाय सामान्य माणसाशी लग्न करणारी मुलगी घराण्याबाहेर, आणि तिची मुलंही बाहेर. आपल्याकडे वाळीत टाकत, त्यातलाच प्रकार, फक्त कागद जाड आणि शिक्का मोठा. वडील गेले तेव्हाही तिला निरोप आला नाही. बातमी वाचून ती गेली आणि रस्त्याच्या कडेला दोरीमागे, बघ्यांच्या गर्दीत उभी राहिली. शवपेटीमागून भाऊ चालत आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मान सरळ करून पुढे गेला.

हे सगळं तिने वासराच्या तोंडातली बाटली हलू न देता सांगितलं. शेवटी म्हणाली, “त्याची नजर उत्तम आहे. लांबचं चांगलं दिसतं त्याला.”

मी विषय बदलावा म्हणून विधी समजावून सांगायला लागले. आम्ही वधूवरांना समोरासमोर उभं करतो, मध्ये अंतरपाट धरतो, मंगलाष्टकं म्हणतो. मुलीच्या मागे तिचा मामा उभा राहतो, मुलाच्या मागे त्याचा.

“मामा म्हणजे?”

“आईचा भाऊ.”

“आणि तो मागे कशाला उभा राहतो?”

आता याचं शास्त्रातलं कारण मला ठाऊक नाही. वडील सांगायचे तेच मी सांगितलं. म्हटलं, या मुलाच्या पाठीशी त्याच्या आईचं माहेर आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

वासराने बाटली संपवली होती. नोराने ती खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले. “सुलभा,” ती म्हणाली, “मला हे पाहिजे. बाकी लग्न तुम्ही म्हणाल तसं करू.”

मी तिला बरंच समजावलं. मामा नसला तर चुलत मामा चालतो, मानलेला चालतो, वॉल्टचा भाऊ उभा करू, आम्ही वेळप्रसंगी शेजाऱ्यालाही उभा करतो. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, नाही म्हणून. तिला शेजारी नको होता. आयुष्यात एकदा, पाच मिनिटांसाठी, तिचं माहेर तिच्या मुलाच्या पाठीशी उभं राहिलेलं तिला बघायचं होतं. बाकी तिला काहीही नको होतं. ना किताब, ना हिरे.

तिने भावाला कळवलं. भावाने स्वतः उत्तर दिलं नाही, त्यांच्यात तसं करत नाहीत. उत्तर आलं ते त्याच्या सेक्रेटरीचं. हा वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. मी त्याला चिटणीस म्हणायला लागले. चिटणिसांनी कळवलं की महाराज येण्याचा विचार करतील, पण समारंभाचे तपशील आधी ठरले पाहिजेत. नोराने ते काम माझ्यावर सोपवलं. मला तर बरंच वाटलं. मानपान ठरवण्यात हयात गेली, म्हटलं, बघू या युरोप काय म्हणतंय.

युरोप आपल्या वऱ्हाडाच्या बापाचा बाप निघाला. महाराजांच्या आधी कुणी आत येणार आहे का? त्यांच्यापेक्षा उंच कुणी बसणार आहे का? बूट काढावे लागतील का? कपाळाला कुणी हात लावणार असेल तर ती व्यक्ती कोण, आणि कुठल्या बोटाने? चिटणीस व्हिडिओवर नेहमी टाय लावून बसायचे आणि प्रत्येक वाक्याआधी माफी मागायचे. सभ्य माणसाशी घासाघीस करणं फार अवघड. आवाज चढवायला जागाच मिळत नाही. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. आमचे हे म्हणायचे, “अगं, त्याला ऐकू जात नाहीत ती.”

एकेक मुद्दा मी सोडत गेले. वेगळं दार दिलं. तुतारी दिली, ढोल-ताशा दिला. सुवासिनी औक्षण करतील, त्यांत स्वतः नोरा असेल. ते आत आले की सगळा हॉल उभा राहील. बसायला बोहल्याच्या शेजारी कार्पेट घातलेला चौथरा आणि त्यावर खुर्ची. मुख्य व्याह्याचा मान खरं तर मुलाच्या वडिलांचा, म्हणजे वॉल्टचा. तो बंधुराजांना द्यावा लागेल, हे सांगायला मी जरा घाबरतच गेले. वॉल्टने शांतपणे विचारलं की मग या सगळ्याच्या बदल्यात त्या माणसाला करायचं काय आहे? मी म्हटलं, मागे उभं राहायचंय, त्यालाच ते तयार नाहीत; त्यांच्या मते मागे उभं राहणं म्हणजे कमीपणा. वॉल्ट म्हणाला, “मग मी जन्मभर कमीच. माझं सगळं काम गाईंच्या मागे उभं राहूनच चालतं.”

ईशाला हे सगळं पटत नव्हतं. इथे जन्मलेली मुलगी, ती मला म्हणाली, “काकू, सीरियसली, ही इज जस्ट अ गाय विथ अ चेअर.” टॉम तिच्या शेजारी होता. तो एवढंच म्हणाला, “मॉम नेव्हर आस्क्स फॉर एनिथिंग.” त्यावर ईशा स्वतःच त्या खुर्चीसाठी मखमल बघायला लागली.

खरा अडसर मागे उभं राहण्याचाच होता. घराण्याचा प्रमुख कुणाच्याही मागे उभा राहत नाही. चर्चमध्येसुद्धा तो पुढे असतो. शेजारी उभे राहतील, समोर उभे राहतील, पण मागे नाही. मी सांगितलं की मग तुतारी नाही, चौथरा नाही, दारही सगळ्यांचं तेच. चिटणिसांनी आणखी वेळ मागून घेतला. मग एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. नोरा माझ्याकडेच होती, साडी नेसून बघायला आली होती. वैशालीही होती. मी फोन स्पीकरवर लावला.

“मॅडम,” चिटणीस म्हणाले, “महाराज उभे राहतील.”

“मुलाच्या मागे?”

“मागे.”

“मंगलाष्टकं संपेपर्यंत? स्वतः?”

“संपेपर्यंत. स्वतः.”

नोराने माझा हात धरला होता. बैलाची दोरी ओढणाऱ्या बाईची पकड ती. माझ्या बोटांचा पार चुरा व्हायची वेळ आली. पण मी हात सोडवून घेतला नाही.

आता कुणी मला विचारतं की काकू, तुम्ही एवढ्या पक्क्या, सगळा मान आधी देऊन कशा बसलात? तर ऐका. यात मी काही बावळटपणा केलेला नाही. लग्नाचा क्रमच तसा आहे. स्वागत आधी होतं, मंगलाष्टकं नंतर. वऱ्हाडाला दारात उभं करून आधी अष्टकांना उभे राहा, मग ओवाळते, असं म्हणता येत नाही. आपली सगळी रीत समोरचा माणूस शब्दाला जागेल, या भरवशावर बसवलेली आहे. व्याही मंडळी रुसतात, अडवून धरतात, जेवत नाहीत. पण मान घेऊन पाठ फिरवणारा मामा मी तरी पाहिला नव्हता.

लग्नाच्या दिवशी ते आले. सत्तरीचा माणूस, पण ताठ, ठणठणीत. सकाळी हॉटेलच्या तलावात पोहून आला होता. सोबत चिटणीस आणि त्यांचा स्वतःचा फोटोग्राफर. तो कशाला, असं मी विचारलं, तर घरगुती आल्बमसाठी, असं उत्तर मिळालं. तुतारी वाजली. ढोल असा घुमला की हॉटेलचा मॅनेजर कानात बोटं घालून बाहेर आला. नोरा हिरव्या पैठणीत तबक घेऊन पुढे झाली. महिनाभर ती घरी ताटलीत कप ठेवून ओवाळायचा सराव करत होती. तिने भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. दिवाळी अंकाच्या वाचकांना मी वेगळं काय सांगू? ती भावाकडे बघत होती. भाऊ फोटोग्राफरकडे बघत होता.

सगळा हॉल उभा राहिला, ते चौथऱ्यावर जाऊन बसले, मग सगळे बसले. इथवर सौदा बिनचूक चालला होता.

मुहूर्ताला ईशा आणि टॉम समोरासमोर आले. अंतरपाट धरला गेला. मी टॉमला बजावून ठेवलं होतं की अंतरपाट दूर होईपर्यंत मान वळवायची नाही. मुलीची आई रीतीप्रमाणे बाजूला तुळशीला पाणी घालायला गेली. गुरुजींनी माइकवर सांगितलं, “मुलीचे मामा, मुलाचे मामा, मागे उभे राहा.” ईशाचा मामा सांता क्लाराहून आला होता, तो फोन खिशात टाकत धावत येऊन उभा राहिला. अक्षता घेऊन सगळे पाहुणे उभे राहिले.

आणि बंधुराज बसून राहिले.

मला आधी वाटलं, कळलं नसेल. मी खूण केली. त्यांनी माझ्याकडे बघून मान किंचित झुकवली, जणू मी त्यांना नमस्कार केला होता. मग चिटणीस उठले, पांढरे हातमोजे चढवले, आणि जाऊन टॉमच्या मागे उभे राहिले.

मी चौथऱ्याशी गेले. सनईच्या आवाजात जेवढं हळू ओरडता येतं तेवढं ओरडून म्हटलं, सर, तुम्ही. ते म्हणाले, “मॅडम, त्याची व्यवस्था केली आहे.”

मी चिटणिसांना गाठलं. ते घामाघूम झाले होते. म्हणाले, घराण्याच्या परंपरेनुसार प्रतिनिधी जिथे उभा असतो तिथे महाराजच उभे आहेत असं मानलं जातं. मी म्हटलं, अहो, महाराज परदेशी असते तर मानलं असतं. ते इथे हाताच्या अंतरावर बसलेत, पाय धड आहेत, आणि तुम्ही फोनवर ‘स्वतः’ म्हणाला होतात. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं की त्याच सकाळी कळलं, ते मला आजही ठाऊक नाही.

“काकू, मुहूर्त टळतोय,” गुरुजी म्हणाले.

तोवर नोरा बोहल्याच्या पायऱ्या चढून वर आली होती. भावाकडे तिने एकदा पाहिलं. त्याची नजर चांगली आहे, त्याला नक्कीच दिसलं असेल. मग तिने चिटणिसांच्या कोपराला धरलं आणि अडलेली गाय जशी बाजूला घेतात तसं त्यांना बाजूला घेतलं, रागाने नाही, नुसतं वजन टाकून. आणि स्वतः मुलाच्या मागे उभी राहिली.

गुरुजींनी माझ्याकडे बघून विचारलं, “आई चालते का?”

मी म्हटलं, “मामा कुणाच्या नात्याने येतो? मूळ मालकीण उभी आहे. सुरू करा.”

मंगलाष्टकं झाली. ईशाच्या दोन्ही आत्यांनी सूर सोडून म्हटली, सगळं नेहमीसारखं झालं. अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, अक्षतांचा मारा झाला. आणि टॉम हसत मागे वळला, हात पुढे करून. मामाशी हस्तांदोलन करायला. मागे आई होती. त्याचा हात तसाच राहिला, मग त्याने तिला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांना हा विधीच वाटला. एक बाई तर मला म्हणाल्या, किती छान नवी पद्धत सुरू केलीत काकू, अगदी एम्पॉवरिंग. मी त्यांना जेवायला बसा म्हणून सांगितलं.

बंधुराज जेवायला थांबले नाहीत. वैशालीला तुळशीजवळून परत आल्यावर सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, “आपल्याकडचे राजेसुद्धा लग्नाला स्वतः न येता तलवार पाठवायचे. पण तलवार निदान चकाकते तरी. यांनी काय पाठवलं, तर हातमोजे.” मला हसू आलं, आणि त्याच दमात मी केटररच्या माणसावर विनाकारण खेकसले.

पंगती उठल्यावर नोरा मागच्या खोलीत अंबाड्यातल्या पिना काढत बसली होती. मी तिला म्हटलं की तू उभी राहिलीस ते सगळ्यात चांगलं झालं, त्याच्यापेक्षा तू लाख पटीने बरी. मला खरंच तसं वाटत होतं. तिने पिना एकेक करून टेबलावर ठेवल्या.

“मी तर त्याच्या जन्मापासून त्याच्या पाठीशीच आहे,” ती म्हणाली. “आज दुसरं कुणीतरी हवं होतं.”

मी तिची पैठणी घडी करायला घेतली.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हा लेख गमतीदार अनुभवांचाच लिहिला असता. पण पुढे त्या देशातल्या एका गुळगुळीत मासिकात फोटो आले. टॉमने मला फोनवर दाखवले. तुतारी, ढोल, उभा राहिलेला हॉल, आणि मधोमध खुर्चीवर बंधुराज. खाली लिहिलेलं, अमेरिकेतल्या भारतीय समाजाकडून महाराजांचा पारंपरिक सत्कार. लग्नाचा उल्लेख नाही. टॉम नाही, ईशा नाही. ओवाळतानाचा फोटो आहे, त्यात तबक आहे, निरांजन आहे, आणि हिरवी बांगडी घातलेला एक हात आहे. मनगटाच्या पुढची बाई कापलेली आहे. म्हणजे यायचं कारण हे होतं. स्वतःच्या देशात ज्याच्यासाठी कुणी खुर्चीतून उठत नाही, त्याला सगळा हॉल उठलेला हवा होता. तो मी त्याला उठवून दिला. घासाघीस मी करत होते असं मला वाटत होतं, आणि बाजार तो करून गेला.

मी चिटणिसांना खरमरीत मेल लिहिली. त्यांचं उत्तर नेहमीसारखं गोड होतं. घराण्याच्या दृष्टीने या प्रसंगी योग्य ते प्रतिनिधित्व झालेलं आहे. सोबत मखमली डबीत माझ्यासाठी एक पदक, समाजसेवेबद्दल, तृतीय श्रेणी. प्रथम आणि द्वितीय श्रेणी काय केल्यावर मिळते, हे मी विचारलं नाही. वॉल्ट म्हणाला की त्याच्याकडे एक बैल आहे, त्याला शोभेल. मी ते परत पाठवून दिलं. ईशा म्हणते, काकू, लेट इट गो. नोरा तर त्याबद्दल बोलतच नाही. आता तर ईशाला दिवस गेलेत, बारशाच्या याद्या सुरू झाल्यात. मी नोराला विचारलं, तुझ्या माहेरून कुणाला बोलवायचं? ती म्हणाली, “कुणालाच नाही.” इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं. वाळीत टाकल्यावर म्हटलं नव्हतं, दोरीमागे उभं केल्यावर म्हटलं नव्हतं. ते मला सोसवत नाही.

म्हणून हे छापून आणते आहे. तेव्हाच्या गप्पांत चिटणिसांनी मला अभिमानाने सांगितलं होतं की घराण्याबद्दल जगात कुठेही, कुठल्याही भाषेत एक ओळ जरी छापून आली तरी ते ती मिळवतात, भाषांतर करून घेतात आणि महाराजांसमोर ठेवतात. तर चिटणीससाहेब, हा अंक मी तुम्हाला पोस्टाने पाठवते आहे. मराठी जाणणारा कुणीतरी गाठा, आणि यातलं काहीही न गाळता वाचून दाखवा.

बंधुराज, माझा हिशोब मी सोडून दिला. दार, चौथरा, तुतारी, सगळं तुम्हाला आहेर. पण तुम्ही शब्द दिला होता, तुमचे पाय धड होते, आणि तुमच्या बहिणीचा मुलगा हाताच्या अंतरावर पाठमोरा उभा होता. तुम्ही उठला का नाहीत? याचं उत्तर मला नको. तिला द्या. ती पहाटे गोठ्यात असते, संध्याकाळी स्वयंपाकघरातला फोन स्वतः उचलते. नंबर चिटणिसांकडे आहे, पण फोन त्यांनी लावायचा नाही. तुम्ही लावायचा, आणि उभं राहून बोलायचं. प्रतिनिधी चालणार नाही.